तिसरा हात

४ फेब्रुवारी, मंगळवार
नवी नोकरी! वर्षभरातली पाचवी; एका जागी टिकणं मला जमतच नाही. मरोळला धवलसरांचं छोटं वर्कशॉप. कमी दिवसांच्या बाळांच्या नाकात दुधाची नळी असते ना, ती गालावर चिकटवायची नवी पद्धत बनवतायत. मी रबराची बाहुली मुलुंडच्या हॉस्पिटलात न्यायची, नर्सनी करून बघायचं, मी फॉर्म भरायचा. दहावी नापास चालतो म्हणे!

५ फेब्रुवारी
वाट वाकडी करून आरेत म्हशी बघायला उतरलो. बाहुलीचा पाय पिशवीबाहेर. एक म्हातारी ओरडली, "मेल्या, पोर गुदमरेल!" दचकलो, बाहुली शेणात.

द्रौपदी सिस्टरनी वास घेतला आणि मला वॉर्डाबाहेरच काढलं. धुऊन आणली, मग चहाच्या खोलीत ट्रायल. "तुझ्या साहेबांना हात किती रे? तीन? एक नळीला, एक पट्टीला, मग पोराला कोण धरणार? बाहुली गप्प पडते, पोर पाय झाडतं!"

काचेतून चार नंबरची पेटी दाखवली. शकुताईंची मुलगी, नऊशे चाळीस ग्रॅम. मागच्या वेळी पट्टीबरोबर गालाची साल निघाली. सोमवारी पुन्हा बदलायचीय.

७ फेब्रुवारी
धवलसर म्हणाले, मग तिसरा हात बनवू! स्प्रिंगवाला, रबरी.

८ फेब्रुवारी, शनिवार
सर स्वतः हात घेऊन हॉस्पिटलात आले. वाट लागली. हात सुटला तो बाहुलीच्या थोबाडावर — फटाक! वॉर्डच्या गंधाली डॉक्टर म्हणाल्या, "बाळाला धरायचंय, की कानाखाली मारायचीय?"

सर चिडले, माझा फॉर्म ओढला. रकाने सगळे कोरे. खाली मी लिहिलेलं — 'सिस्टरचे तीन चहा. वॉर्डात मांजर येत नाही. शकुताई नऊ दिवस बाहेर बाकावर. हात मांडीवर, रिकामे.'
"हा फॉर्म आहे? उद्यापासून येऊ नकोस!"

डॉक्टरांनी कागद घेतला. शेवटची ओळ दोनदा वाचली. "द्रौपदी, आईचा हात चालेल?"
"मी दोन वर्षं सांगतेय, मॅडम! विचारलं कोणी?"

१० फेब्रुवारी, सोमवार
नोकरी आहे की गेली, विचारलंच नाही. तरी गेलो.

शकुताईंनी कोपरापर्यंत हात धुतले. तीनदा. अकराव्या दिवशी पोरीला पहिल्यांदा हात लावला — एक तळवा डोक्यावर, एक पायांशी. सिस्टरनी पट्टी काढली. पोर झोपलेलीच. गाल शाबूत!

काचेबाहेर वीस मिनिटं एका जागी उभा होतो. मी!