दाव्याचं टोक

होन्नावरजवळ,
५ जानेवारी २०२५

आदरणीय मोठी आईस,
संघप्रियाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र नागव्वाच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुझा मोबाईल तुझे चिरंजीव रोज संध्याकाळी तपासणीला घेतात, ते मला ठाऊक आहे. शेजारच्या नागव्वाच्या जिभेला मात्र ते भितात, तेव्हा वाचून झालं की पत्र तिच्याच घरी ठेव.

कारवारला उतरले आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं एकटी खाली आले. जिथं माणसांची जत्रा दिसली तिथं थांबलेच नाही. तदडीला नदी ओलांडायला होडी होती. तिच्यात मासेवाल्यांच्या पाट्यांमध्ये बसून मी डोळे गच्च मिटले. एका बाईनं कन्नडमध्ये विचारलं, बरोबर कोण आहे. कोणी नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग डोळे उघड बाई, एकटीनं डोळे मिटून चालत नसतं. तू शिकवलेलं तुझ्या माहेरचं, मैंदर्गीचं कन्नड असं कामी आलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी अजून पुरते आहे, काळजी करू नकोस.

घरी सांगितलंय की शाळेच्या ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर महिन्याभराच्या सहलीला जाते. मैत्रिणीबित्रिणी कोणी नाहीत. मी इथं लाटेवर उभं राहायला शिकते आहे. हसू नकोस. एक लांब फळी असते. तिच्यावर पालथं पडायचं, मागून लाट आली की हातानं पाणी मारायचं आणि फळी पळायला लागली की तिच्यावर उभं राहायचं. याला सर्फिंग म्हणतात. फळी हातची जाऊ नये म्हणून पायाला दोरी बांधतात, ती लीश. शिकवणारी पार्वती खारवी इथल्याच मासेमारांची लेक. दरडावण्यात नागव्वाच्या वरताण आहे. दिवसभर 'एद्देळू, एद्देळू' करत असते, म्हणजे ऊठ, ऊठ. मी अजून एकदाही उठलेली नाही.

हे सगळं कशासाठी, ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, लिहिलं की राग ताजा राहतो. आठ वर्षांची होते. तुझ्या माहेरच्या विहिरीत तुझ्या प्रदीपनं, आमच्या दादानं, मला मागून ढकललं. त्याचा तळहात माझ्या पाठीवर अजून आहे. तू पायऱ्या उतरून धावलीस, म्हशीचं दावं फेकलंस आणि मला ओढून काढलंस. तो कडुलिंबावर चढून रडत बसला होता. संध्याकाळपर्यंत त्यानं गावभर केलं की माझा पाय घसरला आणि त्यानं उडी टाकून मला वाचवलं. तेव्हापासून प्रत्येक लग्नाबारशात ती गोष्ट, मी गटांगळ्या कशा खाल्ल्या त्याची नक्कल, आणि मला नाव काय, तर गटांगळी! माढ्याचे पाहुणे मला बघायला आले तेव्हाही त्यानं नक्कल केली. ते पोट धरधरून हसले आणि पुन्हा फिरकले नाहीत. पुण्याची नोकरी लागली तर नानांना म्हणाला, पाण्याला भिणारी पोरगी, एकली काय ऱ्हाणार तितं. नानांनी ऐकलं. त्यांच्या लेकीचा जीव वाचवणाऱ्याचा शब्द ते कसा मोडतील?

आता ९ फेब्रुवारीला त्याच्या लेकीचा, पायलचा साखरपुडा. दादा माईक सोडणार नाही. त्या दिवशी भरल्या हॉलात मला लाटेवर उभी असलेली मी दाखवायची आहे. मला समेट नको, मला बदला हवाय.

नागव्वाला नमस्कार. तुझ्या मायेत कमी पडू देऊ नकोस, बाकी मी बघते.

तुझी,
संघी


भवानी पेठ, सोलापूर,
१३ जानेवारी २०२५

चि. संघप्रियास,
भीमाबाईचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र पोचले. नागव्वाला वाचून दाखवले. तिचा जीव खालीवर झाला आणि तिने दोनदा चहा केला. ती म्हणते, पोरीच्या अंगात वारं शिरलंय. मी म्हटले, अठ्ठावीस वर्षे शिरायचे थांबले होते, आता शिरू दे.

तू लिहितेस लीश. अगं, ते दावंच की! जनावर सुटू नये म्हणून आपण बांधतो ते. फरक इतकाच, की इथे जनावर ती फळी आहे आणि खुंटा तू. म्हशीचे ते दावं मी अजून पेटीत ठेवले आहे. सुनेने दोनदा टाकायला काढले, दोनदा मी परत आणले. दर कार्यात मी स्वयंपाकघरातून ओरडत असते की दावं मी फेकलं होतं, हा मुडदा झाडावर होता. पण आत भांड्यांचा आवाज आणि बाहेर त्याच्या हातात माईक. लोक म्हणतात, म्हातारीला आता काय आठवतंय.

पोटचा आहे, पण खरे तेच लिहिते. माझाही हिशेब त्याच्याशी चुकता व्हायचा आहे. विहारात जायचे तर एकटी जाऊ नको म्हणतो. नागव्वाबरोबर अक्कलकोटला निघाले तर स्टँडवरून परत आणले. पायल हुशार पोर, तिला बंगलोरला बोलावणे आले होते. तिलाही तेच, संघीसारख्या गटांगळ्या खाशील. तिच्या डोळ्यांत मला तू दिसलीस.

तू ऊठ बाई. लाटेवर उभी राहा. काही झाले तरी पायातला दावा सोडू नकोस.

पाणी उकळून पी. इकडे आमचा जीव तुझ्यात आहे, तो सांभाळून ठेव.

तुझी मोठी आई,
भीमाबाई


होन्नावरजवळ,
२० जानेवारी २०२५

आदरणीय मोठी आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

पायातला दावा सोडू नकोस, असं तू लिहिलंस. तुला दावं म्हणायचं होतं की दावाच? पार्वतीला दोन्ही शब्दांचा अर्थ सांगितला, की एकानं म्हैस बांधतात आणि दुसऱ्यानं माणूस. ती वाळूवर बसून हसत सुटली. मी दोन्ही सोडलेलं नाही.

परवा फळी उलटली आणि मी खाली गेले. नाकातोंडात खारं पाणी, वर कुठलं, खाली कुठलं कळेना. तीच विहीर, तीच मी. आणि पायाला हिसका बसला. वर फळी तरंगत होती, तिनं दावं ताणलं होतं. मी त्या ओढीच्या मागं मागं वर आले. खरं सांगू? तूच ओढतेयस असं वाटलं. बाहेर येऊन इतकी रडले की पार्वती घाबरली.

आणि काल उभी राहिले! गुडघे वाकलेले, हात कावळ्यासारखे पसरलेले, पण उभी. फळी मला घेऊन थेट वाळूपर्यंत आली. पार्वतीनं मोबाईलवर चित्रण केलंय. मी त्यात तोंड उघडून ओरडते आहे. काय ओरडते ते लाटेच्या आवाजात कळत नाही, पण दादाचं नाव आहे आणि त्याच्या पुढचे शब्द तुला लिहिण्यासारखे नाहीत.

नागव्वाला सांग, वारं उतरलेलं नाही. तुझा हात डोक्यावर आहे तो तसाच राहू दे.

तुझी,
संघी


भवानी पेठ, सोलापूर,
२५ जानेवारी २०२५

चि. संघप्रियास,
अनेक आशीर्वाद. घाईत लिहिते, नागव्वाचा नातू पोस्टात निघाला आहे.

प्रदीपला तुझ्या ऑफिसातली बाई बाजारात भेटली आणि सहलीचे बिंग फुटले. घरात नुसते आकांडतांडव. इज्जत घालवली, साखरपुडा तोंडावर आलाय, आता मीच जाऊन तिला आणतो, असे चालले आहे. आठवड्याभरात निघेल. पत्ता त्याला मी दिला. ओरडू नकोस! शिकार आपल्या पायाने येत असेल तर दार कशाला लावायचे?

आणि एक सांगते. त्याला पोहता येत नाही. त्या विहिरीनंतर त्याने घोट्याच्या वर पाण्यात पाय घातलेला नाही. हे त्याला ठाऊक आणि मला ठाऊक. आता तुला.

आशीर्वाद आहेतच, या खेपेला जरा जास्त धाडते.

मोठी आई


होन्नावरजवळ,
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मोठी आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

शिकार आली, आणि बूट घालून आली.

दादा वाळूवर उभं राहून माझ्यावर ओरडला. मी फळी पुसत राहिले, तेव्हा पार्वतीकडं वळला आणि तिला हिंदीतून विहिरीची गोष्ट सांगायला लागला. उडी, गटांगळ्या, नक्कल, सगळं साग्रसंगीत. शिकायला आलेले दहाजण गोळा झाले. पार्वतीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, वा साहेब, तुम्ही तर पट्टीचे पोहणारे, मग या की पाण्यात. इतक्या लोकांसमोर नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. बूट काढले, पँट वर केली, अंगात तरंगायचं जाकीट चढवलं. पायाला दावं मी बांधलं.

कमरेएवढ्या पाण्यात पहिली छोटी लाट आली आणि तुझा वाघ फळीवरून गडगडला. आई गं, संघे धर, मेलो मेलो, असा आरडाओरडा. फळीकडचं दाव्याचं टोक माझ्या हातात होतं. ओढता आलं असतं. मी एक लाट त्याला जादा खाऊ दिली. हे फक्त तुला सांगते, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. मग ओढून काठाला आणलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की दादा, उभा राहा, पाणी कमरेइतकंच आहे.

तो उभा राहिला आणि माझ्याकडं न बघता बूट उचलून गेला. मलाही वाटलं, झालं, फिटलं. पण संध्याकाळी पायलचा फोन आला. दादानं गाडीतूनच घरच्या ग्रुपवर टाकलंय, की संघी समुद्रात बुडत होती, वेळेवर पोचलो म्हणून वाचवली. दुसऱ्यांदा!

मोठी आई, मला वाटलं होतं माझा राग संपत आला. तो आता कुठं पेटला. पार्वतीनं मोबाईलवर केलेलं माझं आणि दादाचं, सगळं चित्रण मी पायलला पाठवलं आहे. तिला एकच अट घातली. तिचा बाप माईकवर ती गोष्ट सांगेल तरच हे पडद्यावर लावायचं. नाही सांगितली, तर पुसून टाकायचं आणि कुणालाही कळू द्यायचं नाही. त्याचा निकाल त्याच्याच जिभेवर सोडला आहे. मी साखरपुड्याला येत नाही. मी नसले की तो जास्त मोकळा बोलेल.

पायलला माझ्यातर्फे साडी दे. लोभाचं काय विचारायचं, तो तर तू दाव्यानं बांधून ठेवलायस.

तुझी,
संघी


भवानी पेठ, सोलापूर,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. संघप्रियास,
भीमाबाईचे पोटभर आशीर्वाद व जयभीम.

पायल पिवळ्या साडीत फार गोड दिसत होती. मुलाकडची माणसे साधी आहेत. त्रिशरण-पंचशील झाले, अंगठ्या झाल्या. जेवणाआधी प्रदीपने माईक घेतला. मी या खेपेला स्वयंपाकघरात गेले नाही. नागव्वाला घेऊन पहिल्या रांगेत बसले. मनात म्हटले, अजून वेळ आहे लेकरा, गप बस. आई आहे मी. एवढी संधी त्याला मीही दिली.

तो बोलला. विहीर सांगितली. मग म्हणाला, आता परवा समुद्रातनं बी मीच काढली तिला, दोनदा जीवदान दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पायलने पडद्यावाल्याला मान हलवून खूण केली.

आधी तू दिसलीस. लाटेवर, हात पसरून. मागचे लोक उठून बघायला लागले. आणि मग तो, गुलाबी फळीवरून गडगडताना. मेलो मेलो सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेले. तू दावं ओढत काठाला आलीस आणि तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, तेव्हा आधी मुलाची आजी हसली, मग सगळा हॉल. मागून कुणीतरी ओरडले, अरे हीच खरी गटांगळी! माईक प्रदीपच्या हातातून मी घेतला. आयुष्यात पहिल्यांदा धरला, जड असतो. मी एवढेच सांगितले, की विहिरीतूनही तिला ह्यानं न्हाय काढली, ढकलली ह्यानं आणि काढली मी, म्हशीचं दावं फेकून, आणि हा लिंबावर हुता. म्हातारीला काय आठवतंय, असे या खेपेला कुणी म्हटले नाही. व्याही उठून माझ्या पाया पडले. पायल तिच्या सासूला तिथेच सांगून मोकळी झाली की लग्नानंतर ती बंगलोरला नोकरी करणार.

परवा प्रदीप माझ्याजवळ येऊन बसला. विचारले, आई, तू बी हसलीस? मी म्हटले, व्हय, लई हसले. तो उठून बाहेर गेला. पोटात तुटले माझ्या, खोटे कशाला लिहू? पण हसू काही मी परत घेतले नाही. आता माझ्या मोबाईलला तो हात लावत नाही.

पेटीतले दावं बाहेर काढून उन्हात टाकले आहे. दावा फिटला, पण दावं अजून चांगले मजबूत आहे. रजा वाढवून घे. मी आणि नागव्वा येतो आहोत. तिकिटे पायलने काढली, घरात कुणाला विचारले नाही. पार्वतीला सांग, एक म्हातारी येतेय, तिला उभे राहायचे नाही, नुसते पालथे पडून लाट बघायची आहे. माझ्या पायाला हेच दावं बांध आणि टोक तुझ्या हातात ठेव.

आणि ऐक. मला मात्र एकही लाट जादा खाऊ देऊ नकोस.

तुझ्याच वाटेकडे निघालेली,
मोठी आई