पदकाचा धातू

मी, अपेक्षा इंद्रजीत हिवराळे, वय ३१, नोकरी मोजमाप उपकरणांच्या तपासणीची, राहणार हर्सूल, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहिते. मला कोणताही आजार नाही. दबाव नाही, एक विनंती झाली होती, ती कलम ३ मध्ये नोंदवली आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले आणि कागद माझ्या नावावर व्हायला चौदा महिने लागले. माझ्यामागे कोणाला तेवढे हेलपाटे पडू नयेत, एवढेच कारण.

१. हर्सूल येथील, फाटकावर ‘सुभेदार निवास’ अशी पाटी असलेल्या घरातील माझा निम्मा हिस्सा काका राजकुमार कडुबा हिवराळे व काकू सुरेखा यांना मिळावा. उरलेला निम्मा त्यांचाच आहे. आई-वडिलांच्या माघारी या घरात मला एकही दिवस पाहुण्यासारखे वाटले नाही. बँकेतील शिल्लकही त्यांची.

२. माझे व्हर्निअर, मायक्रोमीटर व तराजू चितेगावच्या कारखान्यातील सहकारी सोनिया हिला द्यावेत. काकांचा मुलगा विश्वजीत याला मायक्रोमीटर देऊ नये. २०१९ साली त्याने त्यात अक्रोड धरून फोडला. अक्रोड आधीच तडकलेला होता, असे त्याचे म्हणणे. त्याला माझी स्कूटर मिळावी. तिचे नव्याने मोडण्यासारखे काही उरलेले नाही.

३. पदक. पणजोबा सांडू १८९९ मध्ये इथल्या छावणीतून घोड्यांबरोबर दक्षिण आफ्रिकेत, नाताळ या इंग्रजांच्या वसाहतीत, बोअर लोकांविरुद्धच्या युद्धावर गेले. लेडीस्मिथ गावाला बोअर सैन्याने ११८ दिवस वेढा घातला, तेव्हा ते आत होते. परतल्यावर त्यांना हे पदक मिळाले. सांडू सुभेदार होते आणि पदक चांदीचे आहे, असे घरात सांगतात. दर १४ एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, ते बैठकीत सर्वांना पाहायला ठेवतात. वाटणीत ते वडिलांकडे आले, त्यांच्यानंतर माझ्याकडे.

मृत्युपत्रात वस्तूचे वर्णन अचूक हवे, म्हणून मी ते मोजले. वजन ३०.१२ ग्रॅम, आकारमान ३.४२ घन सेंटिमीटर, घनता ८.८१. चांदीची दहाच्या वर येते. हे कांस्य आहे, वर चांदीचा मुलामा. कडेचा मुलामा विरला आहे. तिथे भिंगाखाली इंग्रजी अक्षरे वाचता येतात: ‘सायीस सांडू’. सायीस म्हणजे मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारा. त्या युद्धाचे पदक सैनिकांना चांदीचे मिळाले, हिंदुस्थानातून नेलेल्या बिगरलढाऊ नोकरांना कांस्याचे. आमच्या समाजाची, म्हणजे तेव्हाच्या महारांची, सैन्यभरती इंग्रजांनी १८९२ मध्येच बंद केली होती. सांडू सुभेदार कसे होणार?

मी हे फक्त काकांना सांगितले. ते म्हणाले, “मला ठाऊक हाय, पोरी.” १९८१ मध्ये त्यांचे लग्न ठरत होते, तेव्हा आजोबा कडुबा यांनी सराफ्यातून मुलामा करून आणला. काकूंच्या माहेरी सुभेदाराचं घराणं म्हणून सांगितले होते. “कागदावर चांदीच लिही. तुझं काय जातंय? सुरेखाला चव्वेचाळीस वर्षांनी काय तोंड दाखवू मी?”

मी विचार करायला दोन दिवस मागितले. चुकीची नोंद मी आजवर कोणत्याही दाखल्यावर केलेली नाही. दुसऱ्या दिवशी, १३ एप्रिलला, काकू ओट्याशी उभ्या राहून चिंचेने पदक घासत होत्या. चांदीला चिंच कशाला, असे मी विचारले.

“चांदीला कशाला लागती? तांब्याला लागती,” त्या वर न पाहता म्हणाल्या. “पयल्याच वर्षी कळलं मला.”

काका दारात उभे होते. “मग बोलली का नाय?”

“सुभेदार म्हणून सांगताना तुमी लई खूश दिसायचे. म्हणलं, सांगू द्या.”

काका तिथेच पाटावर बसले आणि आजोबांकडून ऐकलेले, पण कधी न सांगितलेले त्यांनी सांगितले. वेढ्यात धान्य संपले, तेव्हा घोडे कापून सैन्याला खाऊ घातले. ज्यांना रोज चारा घातला ते घोडे सांडूंनी स्वतः सोडून नेऊन दिले. परत आल्यावर ते जन्मात टांग्यात बसले नाहीत. वेरूळला बहिणीकडेही पायी जात. आम्हाला ती सुभेदाराची शिस्त म्हणून सांगितली जायची.

सबब वर्णन असे: एक कांस्यपदक, चांदीचा मुलामा असलेले, कडेवर ‘सायीस सांडू’. ते सुरेखाकाकूंना मिळावे. मुलामा काढू नये, तो आजोबांनी केलेला आहे. पुन्हा चढवूही नये. घासायला चिंच चालेल.

हा मजकूर मी काका, काकू व दोन साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. साक्षीदारांना यातून चहाखेरीज काही मिळालेले नाही.

सही: अपेक्षा इंद्रजीत हिवराळे
साक्षीदार: १. लीलाबाई दाभाडे, शेजारी २. संस्कृती म्हस्के, मैत्रीण
स्थळ: हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: २० एप्रिल २०२५, रविवार

दुरुस्ती: कलम १ मधील ‘सुभेदार’ हा शब्द खोडून वर ‘मोतद्दार’ लिहिला आहे. वाचन संपताच काकांनी पेन मागून घेतले. अक्षर त्यांचे, सही माझी. फाटकावरची पाटी उद्या बदलेल. तोवर हे एक वर्णन चुकीचे आहे, आणि ते मला मान्य आहे.