ठोके थांबले की उठते

१४ एप्रिल १९९६
निफाडहून परत. तीन महिने माहेरी लाड झाले, आता आपली तांबट आळी. केतकीला घेऊन दारात आले तर समोर नाना (मामंजींना सगळे नानाच म्हणतात) हातोडीने घागर मठारत बसलेले, शेजारच्या पाच-सहा घरांतूनही ठणठण. म्हटलं, झालं, आता पोर आळी डोक्यावर घेणार. कसलं काय! ओसरीच्या फरशीवर गोधडी टाकली, बाईसाहेब ढाराढूर. नानांना कोण आनंद. आल्यागेल्याला सांगत होते, तांबटाची नात आहे, ठोक्यांत झोपते.
मान छान धरते. मी वाकले की हसते, पण ह्यांच्याकडे बघून जास्त हसते. नऊ महिने वाहिलं कोणी, आणि हसू कोणाला.

१७ मे
अमावास्या, आळीत ठोके बंद. के. दिवसभर नीट झोपलीच नाही, नुसती किरकिर. एरवीही दुपारी माणसं जेवायला उठली, ठोके थांबले, की हिचे डोळे टक्क उघडे. नाना म्हणतात, पोरीचे कान तिखट आहेत. मीसुद्धा फोनवर आईला हेच फुशारकीने सांगितलं. मग दृष्ट काढली.

२ ऑगस्ट
उष्टावण झालं. दादा आला होता निफाडहून. मामाने हौसेने खीर भरवली, भाचीने मामाच्या नव्या शर्टावर परत केली.
पालथी पडून सरकते, भिंत लागेपर्यंत थांबत नाही. "आऽबू, बूऽबू" चालू असतं. हे म्हणतात ती "बाबा" म्हणते. म्हटलं, अहो, पंख्यालाही ती बूच म्हणते. रुसले.

१० नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. दारात फटाक्यांची माळ लागली, शेजारच्या मंदाताईंचा नातू किंचाळून आजीला चिकटला. आमची टाळ्या वाजवत उजेड बघत होती. नाना म्हणे, धीट आहे.
घागर धरून उभी राहते. दोन दात. पण बूबू कमी झालंय, जवळजवळ नाहीच. मंदाताईंचा नातू दादा-काका करतो, दोघं एकाच महिन्यातले. प्रत्येक पोर निराळं असतं हे खरं. पण जे होतं ते कुठे गेलं?
दिवाळीत असलं काही लिहू नये.

१९ जानेवारी १९९७
फरशी बर्फासारखी गार म्हणून चार दिवस के.ला साडीच्या झोळीत निजवते आहे. दुपारी ठोके थांबले, ही उठलीच नाही. आधी वाटलं दमली असेल. काल मुद्दाम खाली निजवलं, ठोके थांबताक्षणी उठली. आज परत झोळीत, परत नाही.
मग ती झोळीत पाठमोरी जागी असताना मागे पितळी ताट आपटलं. ताट गोल गोल फिरून थांबेपर्यंत बघत उभी राहिले. ती आपल्या पायाच्या अंगठ्याशी खेळत होती.
एवढे दिवस तिला फरशी सांगत होती, कान नव्हेत. वर्षभर कोणाला अंगाई म्हणत होते मी?

२१ जाने.
ह्यांना सांगितलं. नानांना सांगितलं, ते भडकले. सगळ्या आळीने बघितलंय, ठोके थांबले की उठते, आणि आई होऊन पोरीला बहिरी म्हणतेस. जेवायला आले नाहीत. मीही दोन शब्द ऐकवले, तेही आता सलतंय.

२३ जाने.
संध्याकाळी नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. चाळीस वर्षं मठारून त्यांचेही कान गेलेत, पण कबूल कधी करत नाहीत. म्हणाले, "सूनबाई, मलाही आता ठोके मांडीतूनच कळतात. दवाखान्यात मी येतो."

११ फेब्रु.
के.ला निजवून, डोक्याला वायरी लावून तपासलं. दोन्ही कानांना फार कमी ऐकू येतं. जन्मापासून असणार, असं डॉक्टर म्हणाले. मशीन लावायचं, दिवसभर जवळून बोलत राहायचं. बोलेल का? म्हणाले, लवकर आलात, पण आज काही सांगता येणार नाही.
रिक्षात नाना बाहेर बघत होते. एकदम म्हणाले, "माझ्या ठोक्यांनी गेले का गं तिचे कान?"
नाही म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. परत म्हटलं, परत. शेवटी रिक्षावाल्यानेच मागे वळून सांगितलं, नाही म्हणतायत, आजोबा.

३ मार्च
चालली! घागरीपासून नानांच्या मांडीपर्यंत चार पावलं. बाकी सगळं कसं वेळच्या वेळी करते माझी बाय.
मशीनची डबी छातीवर ठेवायला खिशाचं झबलं शिवलं. कानातलं उपटून तोंडात घालते. पहिल्या दिवशी मशीन लागलं आणि नानांचा ठोका पडला, अशी दचकली, अशी रडली! आणि मी वेडी हसत होते. नाना तेव्हापासून मागच्या पडवीत ठोकायला बसतात. उन्हं येतात, तरी तिथेच.
मी बोलून बोलून घसा बसवून घेतलाय. हे म्हणतात, डॉक्टरांनी पहिल्यांदाच तुझ्या आवडीचं औषध दिलं. नाना एरवी चार शब्दांचे धनी, तेही तिला मांडीवर घेऊन ओरडतात, हे पातेलं, हा हातोडा.

७ एप्रिल
अमावास्या, ठोके बंद. उद्या पाडवा. नाना गुढीचा तांब्या चिंचेने घासत होते. के. झोळीत, तोंड भिंतीकडे, मशीन लावलेलं. मुद्दाम झोळीत. फरशीने सांगायला नको. नानांनी घासणं थांबवलं. मी मागे जाऊन हाक मारली, "केतू."
वळली.
नाना म्हणाले, परत मार. परत मारली. नाही वळली, झोळीचा काठ चावत होती.
नाना माझ्याकडे बघत होते. तिसऱ्यांदा मी हाक मारलीच नाही. पुरणाची डाळ भिजवायची होती.