चष्म्यासकट पल्लवी

प्रिय वन्सं,

सकाळची पूजा आटोपून आपल्या पल्लवीचा फोटो कन्हेरीच्या पाव्हण्यांना पाठवला आणि लगेच लिहायला बसले. कोणता पाठवला, ते आधी तुम्हालाच सांगायचं होतं.

तुम्ही देवाघरी गेलात तेव्हापासून भवानीनगरचा तुमचा स्टुडिओ बंदच आहे. म्हणून स्थळाच्या फोटोसाठी तिला इंदापूरला नेलं. तिथल्या फोटोवाल्यानं आधी चष्मा काढायला लावला. मग कॉम्प्युटरवर गोरी केली, मागं गुलाबाची बाग लावली. घरी आल्यावर फोटोकडं बघून पल्लवी म्हणाली, "आई, ही कुणाची सून हाय?"

मी हसले, पण नंतर घास गोड लागला नाही.

तुमच्याकडं मुली यायच्या ते आठवतं का? बरोबरच्या बायका त्यांचा पदर सारखा करायच्या, हनुवटी वर करायच्या. तुम्ही त्या सगळ्यांना बाहेर बाकावर बसवायचात. फोटो काढला की कॅमेरा मुलीपुढं धरून विचारायचात, "ही तूच का गं?" ती व्हय म्हणेपर्यंत पुन्हा काढायचात. किती हा खोळंबा, असं मला वाटायचं. "वैनी, समदे तिलाच बघणार हायती. आधी तिला तर बघू द्या," म्हणायचात तुम्ही.

पल्लवी बारावीला असताना तिचाही काढलात. चष्मा, एक वेणी, सरळ नजर. पहिल्याच फोटोला म्हणाली होती, "व्हय आत्या, मीच."

हे विचारायची रीत मागं कुणाला लावून का नाही गेलात?

काल दोन्ही फोटो तिच्यापुढं ठेवून मीच विचारलं. तिनं तुम्ही काढलेल्यावर बोट ठेवलं. स्थळ आणलंय तुमच्या चुलत्यांनी, तात्यांनी. ते म्हणाले, "चष्म्यात पोरगी मास्तरीण दिसतीय. पाव्हणं बिचकतील."

"मास्तरीणच व्हायचंय मला, तात्या."

तुमच्या भावांनी दोन्ही फोटो माझ्याकडं सरकवले. मग मला म्हणाले, "तूच ठरीव."

ठरवलं. इंदापूरचे पैसे खर्चात मांडले आणि विषय मिटवला. तुम्ही काढलेला फोटो देवापुढं ठेवला, हात जोडले आणि तोच पाठवला. पटलं तर येतील. नाही आले तर पुढच्या स्थळालाही हाच जाईल.

आणि वन्सं, बोहल्यावर नवरीचा चष्मा काढून ठेवतात ना, तेही मी होऊ देणार नाही. हा माझा शब्द. अंतरपाट सरला की तिला समोरचा माणूस नीट दिसला पाहिजे.

तुमची,
मंगलवैनी, सणसर