लाकडाचं अंडं

पपा, तुमची नात परवा पुण्याला जाते आहे, पिवळ्या तापाची लस घ्यायला. जावई आणि दोन वर्षांचा तुमचा पणतूही बरोबर आहेत. लस झाली की महिन्याभरात तिघं टांझानियाला निघतील. जावई तिथल्या शाळेत शिकवेल, ती चर्चच्या मंडळीच्या दवाखान्यात नर्स म्हणून काम करेल. तुम्ही जाणार होता त्याच देशात. मला हे सांगताना ती म्हणाली, "आजोबांचं राहिलेलं काम आहे, पपा." मी बरं म्हणालो आणि कोंबड्यांना पाणी ठेवायला मागं गेलो.

मागचं अंगण तुमच्या वेळेला होतं तेवढंच आहे, फक्त जनावरं कमी झाली. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा सात कोंबड्या होत्या, दोन बदकं, एक शेळी आणि नाताळसाठी पाळलेली टर्की. तुम्ही शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचा आणि संध्याकाळी घरी येऊन स्वाहिलीचं पुस्तक काढायचा. माझ्या डोळ्यांसमोर ते अजून आहे. तुम्ही लाकूड फोडायच्या ओंडक्यावर उभे आहात, हातात पुस्तक, आणि कोंबड्यांना उपदेश चालला आहे. कोंबडीला तिकडं कुकू म्हणतात हे तुम्ही मला तिथंच शिकवलं. शेजारच्या विणकरांच्या घरातल्या अक्का भिंतीवरून डोकावतात. "काय मास्तर, कोंबड्यांना बाप्तिस्मा देता काय?"

"देईन की अक्का. पण एकीलाही पश्चात्ताप होत नाही."

आई चुलीपाशी हसते. मी पण हसतो, कारण जाणं तेव्हा लांब होतं.

मग ते जवळ आलं. शेळी करमाळ्याला मामाकडे गेली. बदकं अक्कांनी नेली. टर्की नाताळची वाट न पाहता कापली आणि त्या दिवशी मी जेवलो नाही. तुम्ही सागवानी फळ्यांची मोठी पेटी केली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगानं बंदराचं नाव घातलं, दार-एस-सलाम. कोंबड्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्यातली लंगडी माझ्या खांद्यावर बसायची. तिला कोण नेणार असं विचारलं तर आई म्हणाली, "लंगडी कोन पाळतंय बाबा? तिचा रस्साच व्हायचा."

त्याच आठवड्यात जेवताना तुम्ही लशीची माहिती सांगितली. ती कोंबडीच्या अंड्यात तयार करतात, म्हणून ज्याला अंडं सोसत नाही त्याला देत नाहीत. आणि तिचा दाखला नसेल तर त्या देशात घेत नाहीत. तुम्हाला नवीन काही कळलं की ते सगळ्यांना समजावून सांगायची सवय होती. मी ताटातलं बोट थांबवून ऐकत होतो.

शाळेत मुलं एकमेकांना खाजकुयली लावायची. मी कागदात गुंडाळून थोडी आणली. सकाळी आईनं दिलेलं अंडं खाल्लं, शेळीच्या रिकाम्या गोठ्यात गेलो आणि हातांना, मानेला ती चोळली. इतकी आग होईल असं वाटलं नव्हतं. आईनं पाहिलं आणि ओरडली, "आगं बया, लई लाल झालंय की! अंड्यानं झालं म्हनायचं का काय?" मी काही बोललो नाही. आठ दिवसांनी पुन्हा अंडं, पुन्हा तेच. मुंबईला लस देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, कुणाला अंड्याचा त्रास आहे का? तेव्हाही मला तोंड उघडावं लागलं नाही. आईनंच सांगितलं, "ह्याला हाय, साहेब." तिला खोटं बोलणं कधी जमलं नाही, पपा. तिच्या तोंडून ते मी वदवलं.

डॉक्टरांनी मला लस दिली नाही. मंडळीतले वडीलधारे म्हणाले, मास्तर, तुम्ही एकटे पुढं व्हा, बायको-मुलाचं नंतर बघू. तुम्ही म्हणालात, "स्वतःचं पोर मागं ठेवून तिथं कुणाला काय सांगू?" मग दुसरं कुटुंब गेलं. त्यांना निरोप द्यायला तुम्ही स्टेशनवर गेलात, त्यांचं सामानही चढवून दिलंत.

घरी आल्यावर तुम्ही त्या पेटीचं खुराडं करायला घेतलं. मी खिळे धरून बसलो होतो. एक फळी ठोकून झाली आणि माझ्याकडे न बघता तुम्ही विचारलं, "तुला खरंच त्रास होतो ना रे?"

"हो."

तुम्ही हात पुढं केला. मी पुढचा खिळा दिला. लंगडी त्या खुराड्यात चार वर्षं राहिली. पेटीवरचं बंदराचं नाव उलटं झालं होतं आणि रोज सकाळी दार उघडताना मी ते वाचत होतो.

पुढच्या ईस्टरला बाकीच्या मुलांना रंगवलेली अंडी मिळाली. मला तुम्ही सागाचं अंडं दिलंत, स्वतः खरादावर कातलेलं, तेल लावून गुळगुळीत केलेलं. म्हणालात, "घे. ह्यानं काही होणार नाही." ते तुम्ही हसून म्हणालात की कसं, हे मी आयुष्यभर आठवून पाहिलं. आजही सांगता येत नाही.

त्यानंतर मी अंडं खाल्लं नाही. तुम्ही असेपर्यंत शक्य नव्हतं, आणि तुम्ही गेल्यावर बायकोला काय सांगणार? तिनं माझ्यासाठी तवा वेगळा ठेवला होता. ती गेली, तवा अजून वेगळाच आहे. मुलगी अंडी खाते, पण तिनं बाळाला कधी दिलं नाही, माझ्यासारखं झालं तर म्हणून. तो तुमच्या लाकडाच्या अंड्याशीच खेळतो.

सोमवारी ती लसीकरण केंद्रातून आलेला अर्ज घेऊन माझ्यासमोर बसली. "पपा, बाळाला अंडं चालतं का, असं विचारलंय. घरात कुणाला त्रास आहे का, तेही. तुमचं लिहावं लागेल. डॉक्टर म्हणाले, तसं असेल तर आधी तपासण्या करू, लशीचं नंतर बघू. मग ह्या वेळेला जाणं राहतंच."

"राहू दे मग," मी म्हणालो.

"राहू दे कसं? तिकडं आमच्या जागी दुसरे जातील."

मला माहीत होतं ते. मी सकाळचा पेपर उचलला. सोमवार गेला, मंगळवार गेला. अर्जातली ती जागा कोरीच होती. ते गेले तर ह्या घरात मी आणि पाच कोंबड्या, आणि त्या कोंबड्याही ती कुणाला तरी द्यायला निघाली होती. मी फक्त गप्प बसायचं होतं. त्याची मला सवय आहे.

आज सकाळी ती स्वयंपाकघरात कुणाशी तरी फोनवर बोलत होती, जाणं बहुतेक रद्द होईल म्हणून. रडत नव्हती. तुमच्यासारखं, सरळ आवाजात सांगत होती. मी खुराड्यातून दोन अंडी आणली, उकडली, एक सोललं आणि तिच्यासमोर उभं राहून खाल्लं.

"पपा! काय करताय? थुंका ते!" ती औषधाच्या डब्याकडे धावली.

"बस," मी म्हणालो. "काही होणार नाही."

अर्धा तास ती माझा हात धरून बसली. काही झालं नाही. तेव्हा सगळं सांगायचं ठरवलं होतं, शब्दही जुळवले होते. पण तीच म्हणाली, "वयानं जातं असं कधी कधी. देवानं बरं केलं तुम्हाला." तिनं डोळे मिटून आभाराची प्रार्थना केली. मी आमेन म्हणालो.

मग दुसरं अंडं तिनं बाळाला दिलं, आधी नखाएवढं, थोड्या वेळानं थोडं जास्त. त्याला मांडीवर घेऊन आम्ही दोघं दुपारपर्यंत त्याची मान आणि हात बघत बसलो. त्यानं लाकडाचं अंडं ताटात ठेवलं होतं आणि तेही मला भरवत होता. अंगावर काही उठलं नाही. तिनं अर्ज भरला.

हे पत्र घडी करून ठेवून देईन, ती मागं आवराआवर करते आहे तोवर. एवढं मात्र तुम्हाला सांगतो. त्याची मान बघत होतो तेव्हा एखादा लाल डाग दिसावा, असं मला वाटत होतं.