पोथीचा रुमाल

डोंबिवली, ९ जानेवारी १९५६
हेडमास्तरांनी बोलावलं. संक्रांतीला शाळेत माजी सैनिकांचा सत्कार. कल्याणच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले जपानी इंजिनिअर, हायाशी, पाहुणे म्हणून येणार. तेही ब्रह्मदेशात होते. समोरच्या बाजूला. त्यांनी आम्हाला शाल द्यायची, आम्ही त्यांना तिळगूळ. लढाईची एखादी खूण आणा म्हणाले, मुलांना दाखवू.
माझ्याकडे एकच आहे. देवघरात.

१० जाने.
पांढरं रेशीम, मध्ये तांबडा गोल, भोवती शाईची अक्षरं. लग्न झालं त्या वर्षी सुधाला माझ्या ट्रंकेत सापडलं. रेशीम सोवळ्याला चालतं, म्हणून तिने पोथी बांधली त्यात. रंगूनच्या बाजारातलं, असं सांगितलं होतं. आठ वर्षं रोज त्याच्यापुढे हात जोडतोय. मी मारलेल्या जपानी शिपायाच्या अंगावरचं निशाण.
हायाशींना अक्षरं वाचता येतील.

१२ जाने.
कविता शिकवताना दोनदा थांबलो. मुलं हसली. ठरवलं, खूण हरवली म्हणून सांगायचं.
घरी आलो तर पोथी जुन्या शालूच्या तुकड्यात. हेडमास्तर खूण न्यायला येऊन गेले होते. सुधाने रुमाल रिठ्याने धुऊन, इस्त्री करून दिला. म्हणाली, आपल्याकडची तिकडची तेवढी एकच वस्तू.

१४ जाने. संक्रांत
रुमाल टेबलावर. हायाशी एकेका नावावर बोट ठेवत वाचत गेले. तिळगूळ दुसऱ्या हातात तसाच. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, लढाईला जाणाऱ्या मुलाला घरचे, गावचे सह्या करून देतात; गावाचं नाव आहे, आईचंही. कुठे मिळाला?
"वाटेत पडलेला."
कमरेत वाकले ते. बराच वेळ. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शाल घालताना त्यांचे हात गळ्याशी आले, मी मागे सरलो. हेडमास्तरांना वाटलं, संकोच.
रुमाल ते त्या गावी पाठवणार. आई असेल तर मुलाचं काय झालं विचारेल, म्हणून सोबत चार ओळी मी लिहायच्या. पुढच्या रविवारी घरी येतात न्यायला.

१७ जाने.
सुधा तांदूळ निवडत होती. सत्कारातलं तिच्या कानावर आलं असावं. वर न बघता विचारलं, "पडलेला, की अंगावरचा?"
मी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. ती उठली, पुन्हा आंघोळ केली, देवघर पुसून घेतलं. जेवायला वाढलं.

२० जाने.
तीन कागद फाडले. 'शूर होता' लिहिलं. 'लगेच गेला' लिहिलं. वीस वर्षांचाही नसेल.
सुधाला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिने. म्हणाली, "त्या बाईला खोटं लिहू नका. नाहीतर काहीच लिहू नका."
खरं लिहिलं तर हायाशी कारखान्यात सांगतील. शाळेत कळेल. मुलांपुढे उभं कसं राहायचं

२२ जाने. रवि.
सुधाने तिळाच्या वड्या काढून ठेवल्या आहेत, बशी एकच, पाहुण्यापुरती. सकाळपासून एक ओळ झाली. 'त्याने हात वर केले होते.' पुढचं सुचत नाही. पुढचं माहीत आहे.
कडी वाजली. सुधा आतूनच म्हणते, "तुम्ही उघडा."