दिगंबरचा अंगठा

रविवार, डिसेंबर १९८६, धरमपेठ

पुस्तकातल्या भुयारात दर रविवारी मरणाऱ्या मित्रांनो, सुटतो तो एकटा दिगंबरच! खेळाचं पुस्तक इंग्रजी. प्रत्येक दाराचं पान वेगळं; आपण दार निवडायचं, दिगंबरने ते पान काढून पुढे काय होतं ते मराठीत सांगायचं. आज शेजारच्या शांतावहिनींनी डावं दार निवडलं. दिगंबर ओरडला, "वहिनी, पिशाच्चानं गिळलं तुम्हाले!"

"मले तं मरायची सवयच झाली, भाऊ."

स्वतःच्या पाळीला मात्र दिगंबरचा अंगठा मागच्या पानात अडकवलेला. मरण दिसलं की गुपचूप परततो? की मीच संशयी? नाही, तो अंगठा मी दोनदा पाहिला. बारा वर्षांची मैत्री, आणि विश्वास बसेना. वहिनींना उत्तम इंग्रजी येतं, पण त्यांना कुणी कधी विचारलंच नाही. दिगंबर, येत्या रविवारी पुस्तक त्यांच्या हाती दे!